काळ्या ठिपक्याचा हिरा

ती तक्रार आजही आठवते, कारण दिल्यापेक्षा चांगला माल परत मिळाला म्हणून पोलीस ठाण्यात आलेलं दुसरं माणूस मला नोकरीत भेटलं नाही.

तेव्हा मी बारामतीत होतो. पळसदेवच्या एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलावर अंगठी ठेवून उभ्या होत्या. त्यांची आई नुकतीच वारली होती. आईच्या नाकातल्या चमकीचा हिरा त्यांनी शहरातल्या एका सराफाकडे अंगठीत बसवायला दिला होता.

"सायेब, ह्यो हिरा आमचा न्हाय. आमच्या हिऱ्यात काळा ठिपका हाय. ल्हानपणी आईच्या मांडीवर पडून वर बघितलं की दिसायचा."

"मग तुम्ही चमकीच घालायची. अंगठी कशाला केली?"

"नाकातली सवताची सवताला दिसती व्हय, सायेब? मला ती बघायची हाय."

यावर कायद्यात उत्तर नाही. मी सराफाकडे गेलो. दारात बंदूकधारी, छताला झुंबर, भिंतीवर पुढाऱ्यांसोबतचे फोटो. शेठ हसून म्हणाले, "तीन पिढ्यांचा विश्वास आहे, साहेब." एवढा विश्वास असताना बंदूक कशाला, हे मी विचारलं नाही. पावतीवर फक्त 'हिरा, एक नग' होतं. आणि एक नग तर त्यांनी परत दिलाच होता.

पुढच्या आठवड्यात आमच्या हवालदारानं खबर आणली. शेठचा खडे बसवणारा कारागीर काम सोडून लोणी देवकरच्या कारखान्यात लागला होता. बोटांत कसब असलेला माणूस एकाएकी खोकी उचलायला जातो, तेव्हा मागे काहीतरी घडलेलं असतं. मी त्याला बोलावून चहा दिला. दरडावलं की माणूस गप्प होतो. चहा दिला की कपाकडे बघत बोलतो.

"बसवताना कोपरा उडाला, सायेब. शेठ म्हनले, दुसरा घाल, बाईला काय कळतंय. त्यानंतर माजा हातच चालंना."

"आणि पहिला हिरा?"

"शेठच्या तिजोरीत हाय."

तिजोरी उघडताना शेठनी पिढ्यांचा विषय काढला नाही.

ठाण्यात शेठच्या समोरच मी बाईंना स्पष्ट सांगितलं, "गुन्हा दाखल केला तर हिरा मुद्देमालात जमा होईल. मग कोर्टाकडून सोडवावा लागेल. कधी सुटेल, सांगता येत नाही."

त्यांनी तो टवका उडालेला हिरा खिडकीशी नेला, बराच वेळ तिरका करून पाहिला.

"हाय. ठिपका हाय." मग अंगठी शेठच्या पुढ्यात सरकवून म्हणाल्या, "ही ठेवा तुमाला. तक्रार ऱ्हाऊ द्या सायेब, ह्यो मला आजच घरी न्ह्यायचाय."

शेठ सुटले. झुंबर अजून लखलखतं आहे.

तेव्हापासून ओळखीच्यांना सांगतो, हिरा बसवायला देण्याआधी सराफाच्याच भिंगातून बघा. त्यातला दोष पावतीवर लिहून घ्या आणि परत घेताना तोच दोष शोधा. चकाकी काय, सगळ्याच हिऱ्यांना असते.

आरोपींची ओळखचिन्हं लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. डाव्या गालावर तीळ, उजव्या भुवईवर व्रण. माझ्या आईच्याही गालावर तीळ होता. कोणत्या गालावर, ते अजून आठवून पाहतो आहे.