नदीकडची जागा

आमच्याकडे तापीकाठच्या यात्रेत घोडी पारखायची म्हणजे आधी तिच्या अंगावरचे भोवरे बघतात. आमच्या घोडीच्या गळ्यावर देवमण, म्हणजे सगळ्यात शुभ भोवरा. त्यामुळे यंदाची शर्यत आपलीच, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. मामांनी मात्र भोवऱ्याकडे पाहिलंही नाही. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता. सकाळीच चपला काढून ते नदीलगतच्या धावपट्टीवर अनवाणी चालून आले. मला त्यांचा रागच आला. चार लोकांत काय ही शोभा!

मग जागेच्या चिठ्ठ्या निघाल्या. आम्हाला एक नंबर मिळाला, म्हणजे अगदी नदीकडची कड. मी टाळ्या पिटल्या. मामा एवढंच म्हणाले, "घोडी चांगली शे, जागा वाईट शे."

सहा घोड्यांत आमची पाचवी आली. मी इतका भडकलो, की तिच्यासाठी आणलेला गूळ खिशातून काढलाच नाही. "देवमण असून ही तऱ्हा!" मी तिच्या तोंडावर ओरडलो. ती धापा टाकत उभी होती.

मामा खाली बसले. तिचा एकेक पाय उचलून त्यांनी खुरांत गच्च बसलेली ओली रेती बोटांनी उकरली आणि माझ्या ओंजळीत टाकली. चौथ्या खुराला ओंजळ भरली.

"हाई वझं लीसन पळनी ती," मामा म्हणाले. "आते बोल तिले."

घोडी माझा खिसा हुंगत होती, आणि माझे दोन्ही हात रेतीने भरलेले होते.