जाळीवरचं कुंकू

दत्तात्रय शिरवळकरांनी वीज मंडळाच्या सबस्टेशनात चौतीस वर्षं काढली आणि दर दसऱ्याला तिथल्या एकूण एक पॅनेलला हळदकुंकू वाहिलं. "ज्याच्या जिवावर भाकरी खातो, त्याला हात जोडायला लाज कसली?" असं म्हणायचे. आता असा माणूस रिटायर होऊन हिंदी मुलखातल्या नानाखेड्याच्या घरी बसला, म्हणून काय ही सवय मंडळात जमा करून येणार होता? छे!

घरात पूजेला यंत्र मिळालं ते बायकोच्या, मीराबाईंच्या आजारपणानंतर. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. डोकं मात्र लख्ख राहिलं. मग मुलगी मधुरा पुण्याहून आली आणि तिने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आईसाठी चित्रांचा फळा तयार करून दिला. आईने डाव्या हाताने माऊस सरकवायचा, चित्रावर दाबायचं, की मधुराच्या आवाजात शब्द बाहेर यायचे. पाणी द्या. खिडकी उघडा. पाठ दुखते. आल्यागेल्यासाठी 'जेवूनच जा'. आणि एक खास वडिलांसाठी, हुबेहूब आईच्या ठसक्यात: 'अहो, पुरे झालं आता!'

दत्तात्रयांना त्या सीपीयूच्या डब्याचं काय करू नि काय नको असं होऊन गेलं. बायको पुन्हा बोलायला लागली होती हो! रोज सकाळी देवपूजा झाली की ते डब्यासमोर यायचे. बाजूच्या जाळीवर कुंकवाचं बोट, झेंडूच्या चार पाकळ्या, चिमूटभर अक्षता, वर उदबत्ती ओवाळणं. मीराबाई रोज दाबायच्या, 'अहो, पुरे झालं आता!' आणि हे रोज हसून म्हणायचे, "असू दे गं, उपकार आहेत त्याचे." सात वर्षं हे असं चाललं.

मग यंदाच्या मे महिन्यात तो डबा चालता चालता फटकन बंद पडला. थोड्या वेळाने लावला, तर दहा मिनिटं चालला नि पुन्हा बंद. मग पाच मिनिटं. दत्तात्रय विजेचेच माणूस. त्यांनी प्लग बदलला, वायर बदलली, व्होल्टेज तपासलं, शेवटी टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला. काही नाही! कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर न उघडताच सांगून टाकलं, "अंकल, कबाड़ में दो, नया ले लो." पण मधुराचा तो फळा नव्या मशीनवर चालत नव्हता. फोनवर करून पाहिलं होतं, तर मीराबाईंच्या थरथरत्या बोटाला ती चित्रं सापडत नव्हती.

तीन दिवस घर मुकं झालं. मीराबाईंनी हात हलवला की हे दूध आणायचे, त्यांना खिडकी हवी असायची. उशी द्यायचे, तर चादर नको असायची. तिसऱ्या दिवशी मीराबाईंनी हात हलवणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.  ते बघून दत्तात्रयांनी माधव नगरच्या कल्पनाला फोन लावला. कल्पना पूर्वी शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळायची, आता घरोघरी जाऊन दुरुस्ती करते.

बसस्टँडापाशी यात्रेकरूंच्या गाड्यांची ही गर्दी, त्यातून स्कूटर काढत बाई घामाघूम होऊन आली. आल्या आल्या डब्याच्या कडेला तळहात लावला.

"काका, हा तर तव्यासारखा तापलाय. बंद पडायच्या आधी आतला पंखा आवाज करत होता?"

"कुरकुरायचा. मग तोही गप झाला."

कल्पनाने स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अरे बाप रे! काका, ये क्या कर रखा है?"

आत प्रोसेसरच्या पंख्यावर कुंकवाचा लाल थर होता, उदबत्तीच्या धुराने चिकट झालेला. त्याखालच्या, उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या ठासून भरलेल्या. आणि पंख्याच्या आसाशी अक्षतांचे दाणे अडकून पातं जागच्या जागी जाम.

"जाळीच्या मागेच हा पंखा असतो," कल्पना म्हणाली. "तो हवा आत ओढतो. तुम्ही जे वाहिलंत ते सगळं त्याने आत ओढलं. तापलं की मशीन जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं."

दत्तात्रयांनी आतली एक वाळकी पाकळी उचलली. "म्हणजे मीच गळा दाबला की गं त्याचा. हात जोडता जोडता."

कल्पनाने ब्रशने पाकळ्या काढल्या, ब्लोअरने पट्ट्या साफ केल्या. प्रोसेसरवरची, उष्णता पट्ट्यांकडे नेणारी जुनी पेस्ट चुन्यासारखी सुकली होती, ती पुसून मसुराएवढी नवी लावली, पंखा साफ करून बसवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. दत्तात्रयांचं घड्याळावरून लक्ष हलेना. अर्धा तास झाला तरी डबा नुसता कोमट.

त्यांनी मीराबाईंना उठवून बसवलं, माऊसवर हात ठेवला. बाण थरथरत फळ्यावर फिरला आणि थांबला.

"जेवूनच जा," मधुराचा आवाज म्हणाला.

कल्पनाला पुढे दोन घरी जायचं होतं. तिने घड्याळ पाहिलं, मीराबाईंकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली.

दत्तात्रयांना भरून आलं. ते तडक देवघरात गेले, झेंडूचं फूल घेऊन आले, आणि काय सांगावं, हा भला माणूस पुन्हा त्या जाळीपाशी वाकला!

"अहो, पुरे झालं आता!"

दत्तात्रयांचा हात तिथेच थांबला. सात वर्षं बायको हेच ओरडून सांगत होती आणि सात वर्षं ते हसत होते. डोळ्यांतलं पाणी न पुसताच ते वळले आणि ते फूल त्यांनी मीराबाईंच्या केसात खोवलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "अजून बोल."