हैतीच्या मॅडमनी माझा पिक्चर काढला त्याची हकिकत

पिक्चर काढणाऱ्या माणसांत जो काहीच करत नाही तो प्रोड्यूसर, अशी माझी समजूत होती. कॅमेरावाला कॅमेरा उचलतो, आवाजवाला काठीला बांधलेला माइक धरून हात भरून येईपर्यंत उभा राहतो, आणि प्रोड्यूसर फोनवर बोलतो. हैतीच्या मॅडमना मी सबंध एक थंडी बहारीनभर फिरवलं, तेव्हाही त्या फोनवरच होत्या. त्यामुळे समजूत काही बदलली नाही. काहीच न करणारा माणूस सगळ्यात जास्त नुकसान करून जातो, एवढी भर मात्र पडली.

मी चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी चुका काढत बसायला नको. गाडी चालवायला चौथी लागत नाही, नजर लागते, आणि ती माझी अजून हल्लीच्या पोरांपेक्षा चांगली आहे. आमची कंपनी ड्रायव्हरसकट गाड्या भाड्याने देते. एक दिवस ऑफिसातून फोन आला, "काका, हॉटेलवर जा. फिल्मवाली मॅडम आहे, हैतीची."

"आफ्रिकेत कुठे आलं ते?"

"मला काय माहीत. तुम्ही घेऊन या फक्त."

मॅडम पन्नाशीच्या, उंच, रंगाने काळ्या, डोक्याला पिवळं कापड गुंडाळलेलं. गाडीत बसल्या आणि दार असं आपटलं की आरसा हलला.

"मॅडम, हळू. गाडी लाडाची आहे."

"अंकल, तुमची आहे?"

"कंपनीची."

"मग तुमचं काय जातं?"

अशी आमची ओळख झाली. त्यांचं इंग्रजी फ्रेंचवरून आलेलं, माझं पॅसेंजरांकडून ऐकून आलेलं, त्यामुळे एकमेकांचं सगळं समजायचं. साहेब मध्ये नसला की इंग्रजी फार सोपी भाषा आहे.

हैती आफ्रिकेत नाही. अमेरिकेच्या खाली, समुद्रात, क्यूबाच्या शेजारी. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की आता झोपेतही सांगेन. गुलामांनी मालकांना हाकलून केलेला देश, असं म्हणताना त्या सीटवर ताठ व्हायच्या. मी विचारलं, "मालक गेले तर मग देशाचे असे हाल का?"

"तुमचेही मालक गेले ना, अंकल? मग तुम्ही इथे काय करताय?"

मी एसी वाढवला.

बुदैयाच्या रस्त्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो की त्या स्वतःची कथा लावायच्या. त्यांची आई बाजारात कापड विकायची. मॅडम शाळेत जायच्या वयाच्या असताना एक गोरा फोटोवाला आला. त्याने त्यांना शाळेचे बूट काढायला लावले, केस विस्कटले आणि भिंतीला टेकवून उभं केलं. पुढे तो फोटो देणग्या गोळा करणाऱ्या कोणाच्या तरी पोस्टरवर आला. खाली लिहिलेलं, ही मुलगी भुकेली आहे.

"मी जेवून आले होते," मॅडम म्हणाल्या. "मला राग आला होता. बूट नवे होते."

त्यांच्या आईने म्हणे त्यानंतर कित्येक दिवस बाजारात तोंड दाखवलं नाही.

मोठ्या झाल्यावर मॅडम रेडिओवर बातम्या द्यायला लागल्या. मग तिकडे तो भयंकर भूकंप झाला. रेडिओची इमारत बसली आणि बाहेरच्या देशांचे कॅमेरे उतरले. त्यांना रस्ते दाखवायला आणि बोली समजावायला मॅडमना कामावर घेतलं. रोज सकाळी एकच ऑर्डर, एक रडणारी बाई शोध. मॅडम शोधायच्या. "मी त्यात फार हुशार झाले होते," असं त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. शेवटी वीट आला. आपणच पिक्चर काढायचे आणि खरी माणसं दाखवायची, असं ठरवून त्या प्रोड्यूसर झाल्या. पहिला पिक्चर लग्नाचे झगे भाड्याने देणाऱ्या बाईवर. त्यात कोणीच रडत नाही. तो कोणी घेतला नाही. दुसऱ्यात एक म्हातारा थोडासा रडला, तो पिक्चर लगेच विकला गेला. हे सांगून त्या स्वतःच खो खो हसल्या. बाई मला तेव्हा आवडली. पुढचं माहीत असतं तर आवडली नसती.

त्यांचा आताचा पिक्चर परदेशात गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्यांवर होता, आणि म्हातारा म्हणून त्यांनी मला धरला. माझी हरकत नव्हती. गाडी चालवताना काढा, चहा पिताना काढा. पण पैसे देणाऱ्या चॅनलची अट होती, हा झोपतो कुठे ते दाखवा. म्हणजे गुदैबियातली आमची रूम, एकावर एक पलंग, दोरीवर सगळ्यांचे लेंगे.

तिथे मी अडलो. आमच्या रत्नागिरीकडे गल्फचा माणूस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी इकडे आल्यापासून घरी जे फोटो गेले ते सगळे रिफाच्या बड्या वस्तीतल्या एका व्हिलासमोरचे. गुलाबी भिंत, सोनेरी गेट. घर माझं आहे असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. नाही असंही सांगितलं नाही. त्या गेटाच्या जोरावर गावात माझी खुर्ची पुढे लागते. देवळाची मीटिंग माझ्या सुट्टीची तारीख बघून ठरते. आणि ही बाई मला लेंग्यांच्या दोरीखाली बसवणार.

"रूम खलास," मी म्हटलं. "काढायचं तर रिफात काढा."

मॅडम लगेच हो म्हणाल्या. तिथेच मला संशय यायला हवा होता.

रूममधला वसईचा एकजण हॉटेलात वेटर आहे. त्याचा काळा कोट घेतला. "अंकल, बटणं लावू नका, उडतील," एवढीच त्याची अट. गेटसमोर उभा राहिलो, कॅमेरा सुरू झाला, मी पोट आत घेतलं. तेवढ्यात गेट उघडलं आणि पांढऱ्या झग्यातले मालक बाहेर आले.

"एसीवाला ना? सकाळपासून वाट बघतोय. यल्ला, मागच्या दाराने ये."

"मी एसीवाला नाही."

"मग कोण?"

मी म्हटलं, "ड्रायव्हर."

"कोणाचा?"

मी मॅडमकडे बोट दाखवलं. मालक भला माणूस. "मफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाले. "पण गाडी गेटसमोरून काढ."

कॅमेरा चालूच होता. गाडीत बसल्याबरोबर मी सांगितलं, "ते पुसा."

"रूम दाखवा. पुसते."

"हे ब्लॅकमेल आहे."

"हे प्रोडक्शन आहे, अंकल."

मी चिडलो. म्हटलं, "तुमचे बूट काढले तर तुम्हाला एवढा राग आला. आणि तुम्ही माझा कोट काढायला निघालात?"

"बूट माझे होते," मॅडम म्हणाल्या. "कोट तुमचा आहे का?"

गाडी मी सरळ त्यांच्या हॉटेलवर आणली. त्या उतरताना म्हटलं, "शुक्रवारी या. पण सगळे दाढ्या करून बसतील, आणि दोरी आधी निघेल."

शुक्रवारी आमच्याकडे मटण असतं. मॅडम कॅमेरा घेऊन आल्या तेव्हा वाटणाचं खोबरं भाजून घालायचं की तसंच, यावर भांडण जुंपलेलं. कोणी त्यांना उठून नमस्कारही केला नाही. शेवटी वसईवाल्याने त्यांच्या हातात ताट दिलं. मॅडम पलंगावर मांडी घालून जेवल्या, नाकाडोळ्यांतून पाणी, तरी रस्सा परत मागितला. मग चॅनलची आठवण झाली असावी. मऊ आवाजात मला विचारलं, "अंकल, घरची आठवण येते?"

"आधी जेवा. निवेल."

वरच्या पलंगावरचा सांगलीचा प्लंबर म्हणाला, "मॅडम, मी रडू का? मला जमतं."

मॅडमना ठसका लागला. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नको. ते काम मी सोडलंय."

मला वाटलं, सुटलो. पिक्चर लागला पुढच्या उन्हाळ्यात. मोबाइलवर बघितला तर रूम आहेच, आणि रूमच्या आधी गेटही आहे, पांढऱ्या झग्यासकट. मी मॅडमना फोन लावला.

"पुसलं होतं ना?"

"पुसलं होतं. एक कॉपी राहिली होती."

"मॅडम, तुम्ही जबान दिली होती."

"दिली होती," त्या म्हणाल्या. "अंकल, सबंध पिक्चरमध्ये तुम्ही फक्त तिथे कॅमेरा विसरलात आणि खरं बोललात. तेवढंच मी कसं टाकू?"

मी फोन ठेवला. ईदला, दिवाळीला त्यांचे मेसेज येतात. मी उत्तर देत नाही.

मुंबईच्या पुतण्याने पिक्चर गावच्या ग्रुपवर टाकला. मला वाटलं, झालं, खुर्ची गेली. त्या रात्री रूमवर असताना बायकोचा व्हिडिओ कॉल आला. घरचा फोन मी नेहमी गाडीत बसून घेतो. त्या दिवशी खाली उतरायचंही सुचलं नाही.

"बघितला," ती म्हणाली. "सगळी वाडी आपल्या पडवीत होती. त्या एसीवाल्याच्या जागेला सारखा मागे नेऊन बघत होती."

"हसत होती ना?"

"मग काय रडेल? अहो, ते गेट खालच्या वाडीतल्या गल्फच्या दोघांच्या फोटोतही आहे. आम्ही बायका कधीपासून ओळखून आहोत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढी इस्त्री करून उभे राहायचात."

मग म्हणाली, "त्या वरच्या पलंगावर चढता कसे हो, असल्या गुडघ्यांनी?"

"वर नवीन आलेले झोपतात. खालचा माझा आहे, खिडकीकडचा. सगळ्यात जुना मी आहे इथे."

"पिक्चरमध्ये नाही दिसला."

"त्या बाईला काय कळतंय कॅमेऱ्यातलं," मी म्हटलं, आणि मोबाइल फिरवून तिला पलंग दाखवला.