नाताळच्या चुंबळी

आमच्या गावात नाताळ करणारं घर एकच, आमचं. दिवाळीला शेजारणींची फराळाची ताटं आमच्याकडे यायची. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आई ती घासूनपुसून फळीवर ठेवायची आणि नाताळला करंज्या-शंकरपाळ्यांनी भरून घरोघर पोचवायची. दोन महिने ताट अडकतं म्हणून कधी कुणी कुरकुरलं नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि उरवड्याकडचा, वडिलांच्या नोकरीचा कारखाना बंद पडला. डालडा-साखरेचं नाव काढायची सोय उरली नाही. वडिलांनी पारावर बसणंही सोडलं. कुणी काही विचारलं तर सांगायचं काय! त्यांनी ठरवून टाकलं, नाताळात घराला कुलूप लावायचं आणि खडकीला भावाकडे जायचं. ताटं मागाहून गुपचूप देऊन टाकू म्हणाले. आईनं शिवण बाजूला ठेवलं.

"सणाच्या दिवशी दाराला कुलूप लावलं, तर पुढं गावात कोणत्या तोंडानं हिंडाल?"

घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, असं वडील फणकारले. आई नुसती हसली. तिचं हसणं म्हणजे ठरलं, आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही.

आई हातमशीनवर गावातल्या बायकांचे झंपर शिवायची. उरलेल्या चिंध्या बायका तिच्याकडेच टाकून जायच्या आणि ती त्या एका पिशवीत जपून ठेवायची. भाताची झोडणी उरकलेली, पेंढा हवा तेवढा. तिनं पेंढ्याचे वेढे वळले, घट्ट आवळले, वरून चिंध्या गुंडाळून दाभणानं शिवल्या आणि ताटांत करंज्यांच्या जागी ठेवायला चुंबळी केल्या. डोक्यावर हंडा घ्यायचा तर खाली चुंबळ पाहिजेच. आमच्याकडच्या बाया आपलं एखादं जुनेर पिळून वेळ भागवायच्या. आईची कमाल अशी की ज्या बाईचा झंपर, त्याच झंपराच्या चिंध्या तिच्या चुंबळीला. इतका विचार करून भेट देणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आणि मी चांगली पैसेवाली माणसं पाहिली आहेत बरं का.

पंचाईत एकाच घराची होती. गावातलं ते सगळ्यात मोठं घर, आणि त्या घरच्या मालकिणीला सगळा गाव वैनी म्हणायचा. वैनींकडे पाणी गडी भरायचा आणि त्यांचे झंपर पुण्याहून शिवून यायचे. आमच्या करंज्या त्या घरात कुणी तोंडात घालत नसे, गड्यांना वाटून टाकत. आईला ते ठाऊक होतं, तरी ताट दर वर्षी जायचं. वडील म्हणाले, बाकी कुणालाही दे, पण त्यांना चुंबळ दिलीस तर 'पाणी भरा' म्हटल्यासारखं होईल, आधीच गावात आपली काय ती पत! मलाही ते पटलं. आई मात्र ऐकेना. सगळ्यांना एक आणि त्यांना वेगळं केलं तर तोच अपमान, असं तिचं म्हणणं. वैनींच्या चिंध्या नव्हत्या, म्हणून तिनं आपल्या लग्नाच्या पांढऱ्या साडीचा जरीचा काठ कात्रीनं कापला. मी भोकाड पसरलं. ती साडी पुढं मागं माझीच होणार असं मी धरून चालले होते.

नाताळच्या आदल्या दिवशी ताटं गेली. शेजारणींनी आपापली चिंधी ओळखली. एकीनं तर तिथंच चुंबळ डोक्यावर ठेवून अंगणात फेरी मारली. वैनींनी चुंबळ उलटीपालटी करून पाहिली, जरीवरून बोट फिरवलं आणि कोनाड्यात ठेवून दिली. आईनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, झालं समाधान? आई चिंध्यांच्या पिशवीची घडी घालत बसली. मला तिची फार दया आली.

पुण्याला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायला एसटीचे पैसे नव्हते, म्हणून सकाळची प्रार्थना घरातच झाली. वडिलांनी दार आतून लावून घेतलं होतं. आमेन म्हणतोय तोवर बाहेरून हाक आली.

"दादा, हात लावा जरा. मान आवघाडली माझी."

वडिलांनी दार उघडलं. दारात वैनी. डोक्यावर काठोकाठ भरलेला हंडा आणि त्याखाली जरीची चुंबळ. मागं पाणवठ्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. वडिलांनी हंडा उतरवून घेतला. वैनींनी घाम पुसला आणि आमच्या ओट्यावर चक्क बसकण मारली.

"लगीन झाल्यापासनं डोईवर पाणी घेतलं न्हवतं," त्या आईला म्हणाल्या. "लई बरं वाटलं बघा."

मग वडिलांकडे वळल्या. "सण हाय न्हवं तुमचा? मग चा टाका की."

आमच्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आई उठायला लागली, तर वडिलांनी तिला वैनींच्या शेजारी बसवलं. दार सताड उघडं टाकून ते आत गेले आणि गुळाचा कोरा चहा करायला स्वतः चूल फुंकत बसले.