शेडमधला सॉकेट

आमच्याकडे बिअर मी बनवते. नवरा फक्त पितो. आयर्लंडमधल्या नावन गावातल्या आमच्या घरी येणाऱ्या कोणाच्याही डोक्यात हे शिरत नाही. ग्लास तोंडाला लावून लोक त्यालाच बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांबद्दल विचारतात, "हॉप्स कुठले वापरलेस रे?" तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि सगळे हसतात, जणू तो विनयाने बोलतोय.

मागची शेड माझी. तिथे माझं विजेवरचं मोठं पातेलं आहे. आधी गरम पाण्यात मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, मुरवायचा, मग त्याचा गाळलेला रस चांगला खळखळ उकळायचा. यात अख्खा दिवस जातो आणि पातेलं वीज ओढत राहतं. दिवसाची वीज महाग, म्हणून मी घरात बॅटरी बसवायचं ठरवलं. रात्रीच्या स्वस्त दरात ती भरायची आणि शनिवारी तिच्यावर बिअर करायची. वाचलं मी, चार ठिकाणी चौकशी केली मी. एका कंपनीच्या बॅटरीबरोबर लाइट गेल्यावरही चालणारा एक खास सॉकेट मिळत होता; लाइट गेली की बॅटरीची वीज फक्त त्यालाच मिळते. इथे हिवाळ्यात वादळात तारा तुटतात, म्हणून मी तीच घेतली.

बसवायला आलेल्या माणसाला मी शेडमध्ये नेऊन भिंत दाखवली. "तो सॉकेट इथे हवा." "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे. मग मी ऑफिसला गेले, नवरा घरीच होता. संध्याकाळी आले तर शेडच्या भिंतीवर नवा पांढरा सॉकेट होता. मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी एका शनिवारी वादळ आलं. बॅटरी भरलेली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. पातेल्याला नुकती उकळी फुटली होती आणि लाइट गेली. दिवा विझला, पातेलंही गार पडू लागलं. मी भिजत घरात धावले, तर वरच्या खोलीत नवरा कॉम्प्युटरवर मॅच बघत होता.

"तुझ्याकडे लाइट कशी?"

"हा तो खास सॉकेट ना. त्या माणसाने विचारलं, कुठे देऊ. मी म्हटलं, माझ्या खोलीत."

"मी त्याला शेड सांगितली होती."

"मला काय माहीत? शेडमध्येही दिलाय की एक."

"तो साधा आहे."

"अगं, एवढं काय? पुढच्या शनिवारी कर परत."

पुढच्या शनिवारी. त्याच्या मॅचला मी कधी असं म्हटलं नव्हतं. मी त्याचा प्लग उपटला. गॅरेजमधली जाड एक्स्टेन्शन वायर आणली, पूर्ण उलगडली आणि खिडकीतून खाली शेडपर्यंत नेली. नवरा दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्याने शेडच्या दारात वायरवर ताडपत्री धरली. मी त्याला थँक्यू म्हटलं नाही. पातेलं पुन्हा उकळू लागलं, पण मधे वेळ गेला होता. ती बिअर पुढे गढूळच राहिली.

सोमवारी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "खातं तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे. त्यांना फोन करायला सांगाल का?" फॉर्म मी भरला होता. बॅटरी बसवायला आलेल्या माणसाने तिचं ॲप नवऱ्याच्या फोनवर चालू केलं आणि खातं त्याच्या नावावर टाकलं, एवढंच. मी आवाज चढवला. तिने मला होल्डवर ठेवलं. मग नवऱ्याने फोन केला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

तोच माणूस आला. ओला कोट झटकत त्याने नवऱ्याला विचारलं, "काय झालं, बॉस?"

नवरा म्हणाला, "तिला विचारा. बॅटरी तिची आहे."

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "सॉरी, मला वाटलं बिअर बनवणं हा यांचा छंद आहे." आणि त्याने सॉकेट शेडमध्ये हलवला.

काम चोख झालं. नवऱ्याला वाटलं, मी आता खूश होईन. मी त्याला सांगितलं, "तू म्हणालास म्हणून त्याने माझं ऐकलं. त्याचाच जास्त राग येतोय."

त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ॲप तुझ्या नावावर करून घे." मी तिथेच उभ्या उभ्या करून घेतलं. राग मात्र तसाच होता.