गेस्टचे कप

कळव्याच्या एका क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवतो. सवयीने लेकीलाही शिकवायला गेलो आणि शहाणपण अंगाशी आलं.

बायको आणि मी वेगळे झालो. मानपाड्याचं घर तिच्याकडे, मुलगी तिच्याकडे, माझ्या वाट्याला रविवार. ज्या सोसायटीत इतकी वर्षं राहिलो, तिच्याच गेटवर आता मला अडवतात. वॉचमन तोच. पूर्वी सलाम ठोकायचा, आता मान खाली घालून मोबाईलवर सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये टाईप करतो, 'व्हिजिटर'. वरून बायकोने ओके केलं की आत सोडतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष म्हणा, पण माझं टाळकं सरकायचं ते सरकतंच.

एका रविवारी मुलीने विचारलं, "बाबा, व्हिजिटर म्हणजे पाहुणाच ना? मग गेस्ट कोण?"

झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. "अगं, दोघंही बाहेरूनच येतात. पण व्हिजिटर कुणीही असतो. म्युझियम बघायला जातात ते व्हिजिटर, हॉस्पिटलात पेशंटला भेटायला येतात ते व्हिजिटर. वेळ संपली की निघायचं. गेस्ट म्हणजे ज्याला आपण बोलावतो, ज्याची वाट बघतो. त्याला चहा द्यायचा, जेवूनच जा म्हणायचं."

"आणि हॉटेलात राहतात ते?"

"तेही गेस्टच. पैसे घेतात, पण बिछाना घालून देतात."

ती हसली. मग म्हणाली, "आणि तू?"

"मी तुझा बाबा," म्हटलं आणि तिच्या चित्रकलेच्या वहीकडे वळलो.

पुढच्या रविवारी वॉचमनने मला अडवलंच नाही. "जाइए सर, बेबीने पहले से डाल दिया है." वर दारात मुलगी उभी. आईच्या मोबाईलवरून तिनेच अ‍ॅपमध्ये माझं नाव आधी टाकून ठेवलेलं. "बाबा, मी तुला गेस्ट केलं. आता तुला कोणी थांबवणार नाही." इतकी खूश होती की मी तिला उचलूनच घेतलं.

बायको नेहमीसारखी आतल्या खोलीत गेली. मुलीने मला सोफ्यावर बसवलं आणि जपून जपून ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये सोनेरी काठाचा कप. आमच्या रुखवतातला सेट तो, काचेच्या कपाटात असायचा, फक्त पाहुण्यांसाठी. घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. मी त्या घरात असेपर्यंत कधी त्यातून चहा प्यायलो नव्हतो. माझा एक मग होता, कान तुटलेला. लेक त्यात पेन्सिली ठेवायची, मी त्या काढून चहा घेतला की ती भांडायची.

मला तो मग हवा होता.

"आवडलं ना, बाबा?" तिने विचारलं.

"हो," म्हटलं. आणि पाहुणा पितो तसा, अगदी सावकाश, बशीवर थेंब न सांडता तो चहा प्यायलो.