घोड्यालासुद्धा नाव आहे

इथे आयर्लंडमध्ये, एनिसच्या लायब्ररीत दर गुरुवारी दुपारी जुने वेस्टर्न सिनेमे दाखवतात. ड्यूटी नसली की मी जाते. करमणूक म्हणून जायला लागले आणि डोक्यात रागच साठत गेला. तो कुठेतरी काढायला हवा, म्हणून हे सांगतेय.

बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले, त्यांनाही नेलं. सुरुवातीच्या पाट्यांत हिरो, हिरॉइन, मग हिरोचा घोडा. संपलं! पुढे छपरावरून जो मिशीवाला गुंड धाडकन खाली पडला, त्याचं नाव कुठेच नाही. "घोड्याला नाव आहे आणि हाडं मोडून घेणाऱ्याला नाही?" बाबा भर लायब्ररीत म्हणाले.

त्यांचा राग उगाच नव्हता. हौशी नाटकांत त्यांनी बावीस वर्षं खलनायक केला. पोस्टरवर कायम 'आणि इतर'. आई अजून चिडवते, "अहो इतर, चहा घेताय ना?"

आमच्या पुढच्या खुर्चीत कॉन बसायचे. रिटायर्ड पोस्टमन, वय पंचाऐंशी. मिशीवाला जवळजवळ प्रत्येक सिनेमात असायचा आणि प्रत्येकात मरायचा. तो दिसला की कॉन पुटपुटायचे, "देअर्स युअर मॅन." इकडे युअर मॅन म्हणजे नुसतं 'तो बुवा'. बाबांनी सरळ अर्थ घेतला, आपला माणूस! तेव्हापासून मिशीवाला आमचा झाला. तो मेला की कॉन टोपी उचलून निघून जायचे. बस गाठायची असेल, असं आम्हाला वाटायचं.

एकदा तर कहर झाला. मिशीवाला गोळी खाऊन मेला आणि थोड्या वेळाने स्वतःच्याच दफनाला टोपी काढून उभा! सिनेमे लावणाऱ्या मॉरीनबाई म्हणाल्या, "इट्स ग्रँड, चालतं हो, कोणाच्या लक्षात येत नाही."

"माझ्या आलं," बाबा म्हणाले.

मी हॉस्पिटलमध्ये भूल देते. परवा एका पेशंटने विचारलं, मी झोपल्यावर तुम्ही काय करता? म्हटलं, जागी असते. घरी जाताना त्याने सर्जनच्या नावाने सुंदर कार्ड दिलं, खाली 'अँड टीम'. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तूही इतरांतलीच."

बाबांचं विमान शनिवारी होतं. त्याआधी मिशीवाल्याचं नाव कळायलाच हवं, हा त्यांचा हट्ट. मॉरीनबाईंनी जुन्या याद्या धुंडाळल्या. सगळीकडे एकच शब्द, 'अनक्रेडिटेड', म्हणजे पाटीवर नाव नसलेला. ही काय शिवी आहे का, म्हणून बाबा भडकले.

शेवटच्या गुरुवारी बाईंनी कलाकारांची यादी छापून हातात दिली. हिरो, हिरॉइन, घोडा. मिशीवाला छपरावरून पडला. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत म्हणाले, "माय मॅन!"

कॉन दारापर्यंत गेले होते, ते मागे वळले. आवाज चढलेला.

"तो तुमचा नाही. माझ्या आईचा धाकटा भाऊ आहे. आईने घरात त्याचं नाव कधी घेऊ दिलं नाही."

बाबांनी एवढंच विचारलं, "नाव?"

कॉननी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "मायकल."

बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि यादीत, घोड्याच्या वर, देवनागरीत लिहिलं: मायकल.